तुळस आणि कढीपत्ता : एका खिडकीतली दोन रोपे



गणपतीला एरवी आपण तुळस वाहत नाही, पण भाद्रपद चतुर्थीच्या पत्रीत तिला मान असतो. आम्ही न्यू जर्सीत राहणारे. इथे एकवीस पत्री कुठून आणायच्या? शमी नाही, माका नाही, दूर्वाही शोधून शोधून आणाव्या लागतात. पण तुळस मात्र आमच्या डेकवरचीच असते, स्वतःच्या हाताने लावलेली. आणि त्या दिवशी नैवेद्याच्या कोशिंबिरीला जी फोडणी बसते, तिच्यातला कढीपत्ताही घरचाच असतो. एक पान देवाला, एक पान पोटाला!

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत ही दोन रोपे असतात, निदान एकदा तरी असून गेलेली असतात. दरवर्षी थंडी सुरू झाली की मंदिरात आरतीनंतर चपला शोधताना तीच वाक्ये कानावर पडतात. "आमची तुळस या वर्षीही गेली हो." "कढीपत्त्याची सगळी पाने गळाली, टाकून दिला." कोणी हळूच विचारतात, "तुमच्याकडे बरी जगतात? काय करता तरी काय?" या वर्षी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा ठरवले की याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावे.

आधीच सांगते, मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. सगळा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेला. जे लिहिते आहे ते थोडे वाचून आणि बरेचसे चुकून शिकलेले आहे. तेव्हा सुरुवात चुकीपासूनच करते.

एका हिवाळ्यात झालेल्या दोन चुका

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये सासूबाई आणि सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तेव्हा घरात एका मैत्रिणीने दिलेली तुळस होती, चांगली दोन फूट उंच, मंजिऱ्यांनी भरलेली. शेजारच्या कुंडीत तेवढ्याच उंचीचा कढीपत्ता. थंडी पडू लागली तशा दोन्ही कुंड्या आम्ही स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत आणून ठेवल्या.

सासूबाईंचा पन्नास वर्षांचा नेम होता. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, हळदकुंकू, प्रदक्षिणा. इथेही त्यांनी तो सुरू ठेवला. तांब्यात उरलेले पाणी त्या कढीपत्त्याला घालत. आम्हाला किती बरे वाटायचे! घराला घरपण आले असे वाटायचे.

डिसेंबरअखेर तुळशीची खालची पाने काळी पडून गळू लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हीटर चालू असतो ना, तहान लागत असेल तिला." म्हणून संध्याकाळचाही तांब्या सुरू झाला. संक्रांतीपर्यंत तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या. कढीपत्त्याचेही एकेक पान पिवळे होऊन गळाले आणि कुंडीत एक काठी उभी राहिली.

सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतले. "माझ्या हातनं तुळस गेली गं," एवढेच म्हणाल्या, आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आमच्या ह्यांनी समजूत घालायला सांगितले, "आई, ती पुन्हा फुटेल, बघ तू." मग त्यांचे मन राहावे म्हणून ती वाळलेली तुळस आम्ही खिडकीतच ठेवली आणि मार्चपर्यंत तिला पाणी घालत राहिलो. कढीपत्त्याबद्दल मात्र कुणाला एवढे वाटले नाही. तो मेला असे समजून आम्ही कुंडी गॅरेजमध्ये, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली. बर्फ वितळले की टाकू, असा विचार.

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या तमिळ मामी काही कामाने गॅरेजमधून आत आल्या. ती काठी पाहून थांबल्या, वाकल्या आणि अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवेगार! "स्लीपिंग, स्लीपिंग! नॉट डेड!" म्हणून त्या हसायला लागल्या. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तुळशीलाही नख लावून पाहिले. तिथे आतपर्यंत तपकिरी, कोरडे ठणठणीत. त्या हसायच्या थांबल्या. सासूबाईंकडे पाहून त्यांनी हाताने खूण करून विचारले, "सीड?"

सासूबाई काही न बोलता उठल्या आणि देवाजवळची छोटी पितळी डबी घेऊन आल्या. आल्या आल्या पहिल्या महिन्यात खुडलेल्या वाळक्या मंजिऱ्या त्यांनी तीत जपून ठेवल्या होत्या. तुळशीची मंजिरी कचऱ्यात टाकायची नाही, ही त्यांची सवय!

त्याच दिवशी आम्ही ते बी एका पसरट डब्यात पेरले आणि डबा फ्रिजच्या माथ्यावर, उबेला ठेवला. नवव्या दिवशी मोहरीएवढी हिरवी पाने दिसली. सासूबाईंचे विमान त्यानंतर चार दिवसांनी होते. जाताना त्या समाधानाने गेल्या.

कढीपत्ता मे महिन्यात बुंध्यापासून फुटला. तो आज माझ्यापेक्षा उंच आहे.

त्या वर्षी मला जे कळले ते एका वाक्यात असे : तुळस बियाने टिकते, कढीपत्ता मुळाने टिकतो. तुळस गेली हे मानायला आम्ही उशीर केला, आणि कढीपत्ता गेला हे मानायची घाई केली. दोघांना एकाच तांब्याने पाणी घालून दोघांचेही नुकसान केले. पुढचे सगळे या एका वाक्याचाच विस्तार आहे.

तुळशीची ओळख

तुळशीचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेनुइफ्लोरम. जुन्या पुस्तकांत ऑसिमम सँक्टम असेही सापडेल. ही पुदिन्याच्या कुळातली. मरवा, सब्जा, इटालियन जेवणातले बॅसिल हे सगळे तिचे भाऊबंद. कोवळी फांदी दोन बोटांत फिरवून पाहा, ती गोल नसून चौकोनी लागते. ही या कुळाची खूण आहे. पानांचा लवंगेसारखा वास येतो, कारण लवंगेत असते तेच युजेनॉल नावाचे तेल तुळशीतही असते. हिरव्या पानांची ती राम तुळस आणि जांभळट झाक असलेली ती कृष्ण तुळस.

तुळस हे झुडूप आहे, वृक्ष नव्हे. आपल्याकडे उबदार हवेत ती दोन-तीन वर्षे जगते, मग खोड लाकडासारखे होते, पाने बारीक होतात आणि ती संपते. वृंदावन तेच राहते, आतली तुळस बदलत असते. लहानपणी आपण "आमच्या आजीची तुळस" म्हणायचो, तेव्हा ती खरे तर आजीच्या तुळशीची नात-पणती असायची. मंजिऱ्यांतून पडलेले बी वृंदावनातच रुजायचे आणि घरात कुणाच्या लक्षातही यायचे नाही. इथे कडाक्याच्या थंडीत अंगणात ते आपोआप होत नाही. म्हणून ते काम आपल्याला हाताने करावे लागते, एवढाच फरक.

कढीपत्त्याची ओळख

कढीपत्ता म्हणजे आपला कढीलिंब किंवा गोडनिंब. नावात निंब असला तरी कडुनिंबाशी त्याचे नाते नाही. त्याचे नाते लिंबू, संत्रे आणि बेल यांच्याशी आहे. म्हणजे महादेवाला वाहतो तो बेल आणि फोडणीत टाकतो तो कढीपत्ता हे एकाच कुळातले! शास्त्रीय नाव मुराया कोएनिगी, आणि आता बरेच शास्त्रज्ञ बर्गेरा कोएनिगी म्हणतात. यातला कोएनिग म्हणजे योहान गेरहार्ड कोएनिग. लिनियसचा हा शिष्य अठराव्या शतकात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे होता आणि तिथल्या वनस्पतींचा त्याने अभ्यास केला.

कढीपत्ता हा वृक्ष आहे. आपल्याकडे परसात तो दहा-पंधरा फूट सहज वाढतो आणि कित्येक वर्षे टिकतो. कुंडीत तो लहान राहतो, पण त्याचा स्वभाव वृक्षाचाच राहतो. सुरुवातीला सावकाश वाढणार, आधी मुळे पसरणार, आणि प्रतिकूल दिवस आले की पाने टाकून स्वस्थ बसणार. वरून मेल्यासारखा दिसला तरी मूळ जिवंत असेल तर तो पुन्हा फुटतो.

नावाची फसवणूक

विकत घेताना दोन्हीकडे फसगत होऊ शकते. अमेरिकन नर्सरीत ‘करी प्लँट’ नावाचे एक चंदेरी, बारीक पानांचे रोप मिळते. वासाला ते मसाल्यासारखे असते, पण तो कढीपत्ता नव्हे. ते हेलिक्रायसम नावाचे युरोपातले झाड आहे. आपल्याला हवा आहे तो ‘करी लीफ’. एका देठाला दोन्ही बाजूंनी दहा-वीस पाने, हिरवी आणि तकतकीत.

तसेच ‘होली बॅसिल’ म्हणून मिळणारे बरेच बी प्रत्यक्षात ऑसिमम आफ्रिकानम या जवळच्या नात्यातल्या रोपाचे असते. ते इथल्या हवेत जोमाने वाढते, मधमाश्यांना आवडते, त्याचा वास गोडसर, फळासारखा असतो. रोप चांगलेच आहे, पण लवंगेचा वास हवा असेल तर एखाद्या ओळखीच्या घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या मागून घ्याव्यात. आणि फालुद्यातला सब्जा पेरून तुळस उगवत नाही. ते बॅसिलचे बी. आमच्या ओळखीत एकांनी हा प्रयोग केला आणि त्यांच्या घरी वर्षभर पास्ता झाला!

दोघांची निगा, शेजारी शेजारी ठेवून

*ऊन.* दोघांनाही भरपूर हवे, रोज निदान सहा तास. फरक सवयीचा आहे. घरातून एकदम कडक उन्हात ठेवले तर कढीपत्त्याची पाने करपतात. आठवडाभर आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग दिवसभर, असे चढत्या क्रमाने न्यावे. तुळशीची रोपेही अशीच बाहेर न्यावीत, पण ती लवकर सरावतात.

*पाणी.* उन्हाळ्यात कुंडीतल्या तुळशीला जवळजवळ रोज पाणी लागते. एक दिवस विसरलात तर ती माना टाकते, पाणी मिळाले की तासाभरात पुन्हा उभी राहते. कढीपत्ता असा बोलून दाखवत नाही. त्याची वरची दोन इंच माती बोटाने कोरडी लागली की मगच पाणी घालावे. दोघांच्याही कुंडीला खाली भोक हवे आणि ताटलीत पाणी साठू देऊ नये.

*माती आणि कुंडी.* तुळशीला आठ ते बारा इंचांची कुंडी पुरते. तिची एक-दोन वर्षांचीच वस्ती असते. कढीपत्त्याला एकदम मोठी कुंडी देऊ नये, कारण जादा माती ओली राहते आणि मुळे कुजतात. दर दोन वर्षांनी एक माप मोठी कुंडी द्यावी. त्याला किंचित आंबट माती मानवते. शिरा हिरव्या आणि पान पिवळे असे दिसू लागले तर लोह कमी पडते आहे असे समजावे. नर्सरीत लोहाचे विद्राव्य खत मिळते, ते घालावे. आपल्याकडे कढीपत्त्याला पातळ ताक घालतात. मीही उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, भांडे विसळल्याएवढे पातळ करून घालते, पण त्याच्या जोडीला खतही देते.

*खुडणे.* दोघांनाही खुडल्याने फायदा होतो, पण रीत निराळी. तुळशीची मंजिरी दिसू लागली की शेंडा दोन पानांवर खुडावा. फुले आणि बी धरू लागली की रोपाला आपले काम झाले असे वाटते, आणि ते म्हातारे होऊ लागते. मात्र एका फांदीवरच्या मंजिऱ्या बियासाठी मुद्दाम राखाव्यात. कढीपत्त्याचे एकेक पान ओरबाडू नये, पूर्ण देठ खोडाजवळून काढावा. रोप फूट-दीड फुटाचे झाले की त्याचा शेंडा एकदा खुडावा, म्हणजे बाजूंनी फांद्या येतात. पहिले वर्षभर फोडणीसाठी त्याच्याकडे पाहूसुद्धा नये.

*कीड.* घरातल्या कोरड्या हवेत दोघांवरही बारीक कोळी पडतात, पानामागे जाळी दिसते. कढीपत्त्याच्या खोडावर तपकिरी खवले चिकटतात आणि पाने चिकट लागतात. खवले दिसले तर औषधाच्या दुकानातले रबिंग अल्कोहोल कापसावर घेऊन पुसून काढावे आणि कीटकनाशक साबणाची फवारणी करावी. तुळशीची पाने तोंडात जातात, म्हणून तिला मी फक्त पाण्याच्या फवाऱ्याने धुते.

*नवे रोप.* तुळशीचे बी फार बारीक असते. ते मातीवर भुरभुरून नुसते दाबावे, खोल पुरू नये. ऊब मिळाली तर एक-दोन आठवड्यांत उगवते. तिची चार इंचांची कोवळी फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी मुळे फुटतात. कढीपत्त्याचे बी मात्र साठवून चालत नाही. काळी पिकलेली फळे मिळाली तर गर काढून ताजे बी लगेच पेरावे. सोपा मार्ग म्हणजे मोठ्या झाडाच्या मुळातून वर येणारी पिल्ले मुळांसकट वेगळी करणे.

हिवाळा : खरी परीक्षा

सासूबाईंचे काय चुकले होते? खरे म्हणजे काहीच नाही. साताऱ्यात ते बरोबरच होते. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवशीही साताऱ्यात सुमारे ११ तासांचा दिवस असतो, अंगणात ऊन असते, वारा असतो. तांब्याभर पाणी दुपारपर्यंत उडून जाते. त्याच दिवशी न्यू जर्सीत दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा, तोही बहुधा ढगाळ, आणि रोप काचेमागे. ऊन नाही तर पान पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते, खिडकीजवळच्या थंडीने ती गारही होते. अशा मातीत मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाने सुकतात. आपल्याला वाटते तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो! शिवाय ती तुळस बी धरून वयाला आलेलीच होती.

म्हणून हिवाळ्यात मी असे करते. तुळशीला नेम म्हणून रोज पळीभरच पाणी, तेही कुंडीशेजारी ठेवलेल्या वाटीत सोडते. कुंडीतली माती कोरडी लागेल त्या दिवशी ते पाणी तिला घालते. नेमही मोडत नाही आणि तुळसही कुजत नाही. वर एक साधा एलईडी दिवा टायमर लावून चौदा तास ठेवते.

कढीपत्त्याला डिसेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ विसरून जाते. दोन आठवड्यांतून एकदा थोडे पाणी, खत अजिबात नाही. पाने गळाली तर गळू देत. शंका आली तर नख लावून पाहावे. वरची फांदी कोरडी असेल तर खाली, बुंध्याजवळ पाहावे. कुठेही हिरवे दिसले तर जूनपर्यंत टाकायचे नाव काढू नये.

सणांच्या हिशेबाने वर्ष

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. न्यू जर्सी आणि आसपासच्या हवेसाठी माझे वेळापत्रक असे आहे :

गुढीपाडवा – तुळशीचे बी घरात पेरायचे. कढीपत्त्याला कोंब दिसले की कुंडी बदलायची, पाणी हळूहळू वाढवायचे.

मदर्स डे – इथले जुने बागवान नाजूक रोपे याच्या आधी बाहेर लावत नाहीत. रात्रीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या वर राहू लागले की दोघांना सरावाने बाहेर न्यायचे.

आषाढी एकादशी – तुळशीची दुसरी पेरणी, किंवा चार फांद्या पाण्यात. ही सर्वांत महत्त्वाची युक्ती. कारण तुळशीचे लग्न येते कार्तिकात, म्हणजे साधारण नोव्हेंबरमध्ये, आणि तोवर बाहेर दहिवर पडून गेलेले असते. वसंतातली तुळस तेव्हा म्हातारी झालेली असते. आषाढात लावलेली मात्र लग्नाच्या वयाची, हिरवीगार असते!

गणेशोत्सव – राखलेल्या मंजिऱ्या वाळल्या की काढायच्या, कागदी पाकिटात घालून वर वर्ष लिहायचे. कढीपत्त्याचे खत बंद करायचे.

नवरात्र – रात्री ५० अंशांखाली जाण्याआधी पाने नीट धुऊन, कीड तपासून दोघांना घरात घ्यायचे.

संक्रांत – दोघांनाही उगाच हात लावायचा नाही. सर्वांत कठीण काम हेच!

रोप देण्याघेण्यापूर्वी

आता एक थोडी गंभीर गोष्ट. १९९७ साली आमचे हे भारतातून येताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्त्याचे रोप घेऊन आले. विमानतळावर अधिकाऱ्याने ते काढून घेतले. "एवढ्याशा काडीने काय होणार होते?" म्हणून आम्ही कित्येक वर्षे कुरकुर केली. काय होते ते नंतर कळले.

लिंबाच्या कुळावर सिट्रस ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग पडतो. पाने ठिपक्याठिपक्यांनी पिवळी होतात, फळ वेडेवाकडे आणि कडवट होते आणि झाड काही वर्षांत खंगून मरते. रोगी झाड बरे करणारा खात्रीचा उपाय अजून नाही. हा रोग पसरवते सिलिड नावाची तीन-चार मिलिमीटरची तपकिरी कीड. ती पानावर डोके खाली आणि शेपूट वर करून बसते. कढीपत्ता स्वतः या रोगाने आजारी पडत नाही, पण त्याची कोवळी पालवी या किडीला फार आवडते. ती तिथे अंडी घालते, वाढते आणि रोपाबरोबर प्रवास करते.

फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली आणि रोग २००५ मध्ये. २०१२ मध्ये तो टेक्सस आणि कॅलिफोर्नियातही आढळला. कॅलिफोर्नियातले पहिले झाड कुठल्या मळ्यातले नव्हते, लॉस एंजेलिसजवळच्या एका घराच्या अंगणातले होते. फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या १ कोटी ६० लाखांच्याही आत आल्या. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. किती कुटुंबांचे मळे त्यात गेले असतील!

म्हणून मंडळी, भारतातून कढीपत्त्याचे रोप किंवा ताजी पाने सामानात आणू नका. तुळशीचे बीसुद्धा परवान्याशिवाय आणू नये, इथल्याच घरांतून मागून घ्यावे. फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांतल्या नातेवाइकांनी प्रेमाने कढीपत्त्याचे रोप देऊ केले तरी राज्याबाहेर नेण्यापूर्वी तिथल्या कृषी खात्याचा नियम विचारावा. मंदिरात रोपांची देवाणघेवाण होते तेव्हा कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीमागे पांढरे मेणचट धागे किंवा पिवळसर पिल्ले दिसतात का ते भिंग घेऊन पाहावे. तुळस या कुळातली नाही, तिच्या रोपांना ही अडचण नाही.

शेवटी

सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची पितळी डबी माझ्या देवघरात आहे आणि दर भाद्रपदात तीत नव्या मंजिऱ्या पडतात. डेकवरची तुळस त्यांनी पेरलेल्या बियांचीच पुढची पिढी आहे, कितवी ते मी मोजणे सोडून दिले. कढीपत्ता मात्र तोच आहे, गॅरेजमधून परत आलेला. मुलगी दुसऱ्या गावी राहायला गेली तेव्हा तिला मी कढीपत्त्याचे एक पिल्लू आणि मंजिऱ्यांचे एक पाकीट दिले. पहिल्याच जानेवारीत तिचा फोन आला, "आई, दोन्ही गेले बहुतेक." मी म्हटले, "आधी नख लावून बघ, मग पाकीट काढ."

तुमच्याही खिडकीतली तुळस या हिवाळ्यात वाळली तर मनाला लावून घेऊ नका. त्यात अपशकुन नाही आणि तुमच्या हाताचा दोषही नाही, तिचे आयुष्यच तेवढे असते. फक्त बी राखून ठेवा. आणि कढीपत्त्याची काठी झाली तर टाकून देऊ नका, वाट पाहा. यंदा गणपतीच्या आरतीनंतर मंजिऱ्यांची काही पाकिटे घेऊन मी सभागृहाच्या दाराशी उभी असेन. ज्यांना हवी त्यांनी जरूर न्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!